उजव्या खांद्याचा रफू

११ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी सात वाजून दहा मिनिटे

ती. ताई,

दुकान उघडून, झाडून झालं आहे. हे पत्र लिहायला घेण्याआधी मी सुईत धागा ओवत बसलो होतो. ओवला गेला नाही, म्हणून म्हटलं निदान पत्र तरी लिहावं.

फोनच केला असता, पण आपल्या दुकानाचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी फोन बाबांच्या गादीशेजारी आहे. मी 'हॅलो ताई' म्हटलं की ते खोकायला लागतात आणि तू फोन ठेवेपर्यंत खोकत राहतात. तू दुकान सोडून तयार कपड्यांच्या कारखान्यात गेलीस तेव्हापासून, तीन वर्षं हेच चाललं आहे.

अक्षर वाकडं आलं आहे. पेन नवीन आहे, अजून वळणावर आलेलं नाही. शुद्धलेखन मात्र तपासलं आहे, शंका आली तिथे शब्दकोश काढला. तरी ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली तर कळव.

इकडे सगळे बरे. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डावा त्यांनी मान्य केला आहे, उजवा अजून नाही. 'मला स्वच्छ दिसतं' म्हणतात आणि चहाचा कप टेबलाच्या दोन बोटं अलीकडे ठेवतात. शेजारचे इस्त्रीवाले कडककाका तसेच आहेत, कॉलरला कांजी आणि जिभेलाही. थंडीत काम चांगलं आलं. लोकरीच्या कपड्यांना यंदा कसर फार लागली. बाबा गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणतात, 'कसर आहे म्हणून आमची चूल पेटते.'

तू कारखान्यातून पाठवलेला कोट मी रोज घालतो. बाबा त्याला अजूनही 'तो डबा' म्हणतात. मध्ये तो उजव्या खांद्यामागे थोडा फाटला होता. बाबांनी रफू केला. हो, बाबांनीच, आणि तयार कोटाला. हे तुला कळवावं असं वाटलं.

एक सहज विचारतो. कारखान्यात तू नुसती मशीनवर असतेस की हाताचं बारीक काम अजून करतेस? तुझे डोळे कसे आहेत?

दाजींना नमस्कार.

तुझा भाऊ


२० फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी पावणेदोन, इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीबाहेर

ती. ताई,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, त्यातल्या दोन शिव्या. 'पेन नवीन नाही, हात नवीन आहे. डाव्या हाताने लिहितोयस. उजव्याला काय झालं ते खरं लिही, नाहीतर येऊन कान उपटीन.' कान उपटायला का होईना ये, असं लिहिणार होतो. पण आधी विचारलंस त्याचं उत्तर देतो, क्रमाने.

९ जानेवारीला संध्याकाळी साडेसाताला मी दुकान आवरत होतो. बाबा मागच्या खोलीत हातपाय धूत होते. एक माणूस आला, म्हणाला, स्वेटर रफूला द्यायचाय. मी पावतीपुस्तक काढायला पाठ फिरवून वाकलो. मागून खांद्यात काहीतरी गेलं. दुखलं नाही, गार वाटलं. मग मी काचेच्या कपाटावर पडलो आणि कपाट माझ्यावर. तो गल्ला घेऊन गेला, आणि जाता जाता गिऱ्हाइकाचा एक स्वेटरही. त्या स्वेटरच्या दोन्ही बाह्यांना भोकं होती, ती अजून भरायची होती. कडककाका म्हणतात, 'जाऊ दे रे, चोराला वारा तरी लागेल.'

कडककाकांनीच मला नेलं. हातगाडीवरचे इस्त्री केलेले अठ्ठावीस शर्ट रस्त्यावर टाकले आणि मला वर घातलं. ते शर्ट मला अजून ऐकायला लागतात.

खांदा बरा झाला. पण आतली नस दुखावली आहे, त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट बधिर आहेत. चमचा धरता येतो, सुई धरली आहे की नाही ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात, सहा महिने रोज व्यायाम झाला तर संवेदना येईल. चुकवला तर सांगता येत नाही. घरी सोडल्यावर टाके काढायला गेलो, बाबा सोबत होते, तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'कोटाच्या खांद्यात जाड भरण होतं म्हणून, नाहीतर हातच गेला होता.' डबा कोणी पाठवला ते डॉक्टरांना काय ठाऊक. बाबा घरी येईपर्यंत कोटाची बाही धरून चालले.

आता एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस. मी नऊ दिवस इस्पितळात होतो आणि बाबा एकदाही आले नाहीत. कडककाका यायचे. 'बाबा कुठायत?' विचारलं की म्हणायचे, 'दुकानात. काम आलंय मोठं.' मला फार लागलं ते. असं कोणाचं काम, म्हटलं.

घरी आलो तर खुंटीला कोट. रक्त धुतलेलं, कडककाकांच्या हातची इस्त्री. मी तो उजेडात धरला, उलटा केला, डाव्या हाताचं बोट फिरवलं. फट सापडेना. खांद्यामागे चांगली वीतभर फट असणार होती, ती नव्हतीच. बाबा म्हणाले, 'तुमच्या डब्याला आत दुमड नसते. धागा काढू कुठून? कॉलर उलटवून आतल्या पट्टीतला एकेक ओढला.' कडककाकांनी नंतर सांगितलं की जेवायला हाक मारली की बाबा म्हणायचे, 'तिकडे डॉक्टर बसलाय ना त्याच्यापाशी? मग इथे मला बसू दे.'

तेव्हापासून मला काही लागलेलं नाही. आता त्याच रफूने माझी पंचाईत केली आहे, पण आतून हाक आली. व्यायामवाल्या बाई वेळेच्या पक्क्या आहेत.

तुझा भाऊ


३ मार्च, सोमवार
सकाळी साडेसहा, दुकानात

ती. ताई,

पंचाईत अशी आहे.

सरकारची एक योजना आहे. कोणी हल्ला केला आणि माणूस जखमी झाला, तर हल्लेखोर सापडो न सापडो, उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई सरकार भरून देतं. इस्पितळातल्या नर्सने सांगितलं. बाबा म्हणाले, 'सुरी त्याने मारली, पैसे सरकार का देईल?' मलाही आधी हात पसरल्यासारखं वाटलं. पण व्यायामाचे पैसे महिन्याला बाराशे होतात, आणि दुकानात सध्या हात एकच चालतो, तोही बाबांचा, अंदाजाने. पैसे नाही मिळाले तर व्यायाम बंद, आणि व्यायाम बंद झाला तर माझा अंगठा असाच. म्हणून अर्ज केला.

कार्यालयातल्या बाईंनी सगळे कागद बघितले. गळ्यात दोरीला चष्मा, बोलायला बऱ्या. म्हणाल्या, 'अर्ज सुंदर भरलाय. खाडाखोड नाही. शिकलात किती?'

'सातवी. डाव्या हाताने लिहिलंय, म्हणून अक्षर जरा...'

'अक्षर राहू द्या. अडचण दुसरीच आहे. पोलिसांचा पहिला कागद म्हणतो, कपाटावर पडून काच लागली.'

हवालदाराला मी दोष देत नाही. तो आला तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो आणि तिथे गुडघाभर काचा होत्या. मी नंतर जबाब दिला तो जोडला होता. पण बाई म्हणाल्या, 'जबाब तुमचाच, आणि तेव्हा तुमची पाठ होती. डॉक्टर लिहितात धारदार वस्तू. काच काय बोथट असते? अपघाताला ही योजना नाही हो. चिठ्ठीत कळवलं होतं तो अंगातला कपडा आणलाय का? काच कापड फाडते, सुरी कापते. आमचे तपासनीस भिंगाखाली बघून लगेच सांगतात.'

मी म्हटलं, 'हाच तो कोट', आणि वळून पाठ दाखवली.

बाई उठून आल्या. चष्मा लावला. मग शिपायाला बोलावलं. 'अहो, फट कुठाय?'

'इथे.'

'इथे म्हणजे कुठे?'

'बाबांनी रफू केला.'

बाई खुर्चीत बसल्या. हसू आवरायचा त्यांनी प्रयत्न केला, पण शिपाई आधी हसला. 'अहो, तुमच्या वडिलांनी पुरावाच बुजवून टाकला की!' मग गंभीर झाल्या आणि नेमकं विचारलं, 'भरण्याआधी कापलेल्या कडा छाटल्या होत्या का? छाटल्या असतील तर संपलं. नसतील तर उसवून बघता येईल. पण इथे, तपासनिसांसमोर, आणि मूळ कापडाचा एकही धागा न तोडता.'

घरी येऊन बाबांना विचारलं, तर बाबा भडकले. 'कडा छाटायला मी काय खाटीक आहे? तुटलेलं एकूण एक टोक जागच्या जागी आहे आत.'

'मग उसवावं लागेल, बाबा.'

बाबा उठले आणि मागच्या खोलीत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कडककाकांमार्फत निरोप यायचे: 'त्याला सांग, मीठ कमी आहे.' तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दारात उजेडाला बसलेले. एका चिंधीला चीर पाडून, ती भरून, आता उसवून बघत होते. भरायला त्यांना बोटं पुरतात, पण उसवताना आपला धागा कुठला आणि कापडाचा कुठला ते दिसावं लागतं, आणि यांनी तर धागाही त्याच कापडातला वापरलेला. चिंधीचे दोन उभे धागे तुटले. चिंधी खाली ठेवून म्हणाले, 'दिसत नाही.' उजव्या डोळ्याबद्दल हे त्यांचं पहिलंच बोलणं.

मी चिंधी उचलली. मग भिंतीकडे बघून म्हणाले, 'ती उसवेल. तिचा हात हलका आहे.'

मी म्हटलं, 'ती म्हणजे कोण?'

बाबा कडककाकांना म्हणाले, 'बघितलंस? बोटं बधिर झाली वाटलं होतं, डोकंही गेलंय.'

ताई, पहिल्या पत्रात मी डोळ्यांचं सहज विचारलं नव्हतं. तेव्हाच मला कार्यालयाची चिठ्ठी आली होती, अंगातला कपडा आणा म्हणून. बाबांसमोर विषय काढायचा धीर नव्हता, म्हणून तुला चाचपडून बघितलं. आता सरळ विचारतो. १४ मार्च, शुक्रवार, सकाळी अकरा. पत्ता आणि बस कुठून मिळते ते मागच्या पानावर लिहिलं आहे. घरी यायलाच हवं असं नाही. कार्यालयात आलीस तरी चालेल.

आपल्या दुकानाचा नियम मी विसरलेलो नाही. जो उसवेल त्यानेच भरायचं, एका भोकात दोन हात नकोत. लहानपणी मी उसवलेलं तू गुपचूप भरून द्यायचीस, आणि बाबा नुसतं बोट फिरवून म्हणायचे, 'धाग्याचा हा ताण याचा नाही.' पण तो नियम पुढचा आहे. आत्ता नुसतं उसवायचं आहे.

तुझा भाऊ

ता.क. भिंग तिथे असतं. तुझ्या सवयीची सुई मात्र घेऊन ये.


१६ मार्च, रविवार
संध्याकाळी सहा

ती. ताई,

नीट पोचलीस ना? शिफ्ट आहे म्हणालीस आणि कार्यालयातून परस्पर बसला गेलीस. ठीक आहे. चहा तरी घ्यायला हवा होतास, बाईंनी मागवला होता. तुझा कप शिपायाने प्यायला.

तू मान खाली घालून बसली होतीस, म्हणून बाहेरचं तुला दिसलं नसेल. सांगतो.

मी बाबांना घरीच राहा म्हटलं होतं. तुझी तासाभराची बस येण्याआधीच ते कडककाकांना घेऊन तिथे पोचले होते, इस्त्रीचा सदरा घालून. आत यायला तयार नव्हते. दार अर्धवट उघडं होतं, त्यासमोरच्या बाकावर बसले. तिथून त्यांना आतलं काही दिसणं शक्य नाही. म्हणून कडककाकांना विचारत होते, आणि कडककाका बोलतात ते तुला माहीत आहे, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जातं.

'सुई कशी धरलीय तिने?'

'धरलीय सुईसारखी. मला काय कळतं? मी इस्त्रीवाला.'

'आडवी की उभी?'

'आडवी. भिंगाला नाक लावून बसलीय.'

'कुठल्या टोकाकडून घेतलं?'

'खालच्या.'

बाबा म्हणाले, 'बरोबर. मी खाली संपवलं होतं. तिला कसं कळलं?'

'आत जाऊन विचारा की.'

'कामात असलेल्या माणसाशी बोलू नये.'

मग तू पहिला धागा ओढून काढलास आणि तपासनिसाने पुढे केलेली ताटली न घेता तो काळ्या कागदावर सरळ ठेवलास. पुढचा त्याच्या शेजारी. कडककाकांनी हे सांगितलं तेव्हा बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, 'धागे क्रमाने ठेवतेय ती. परत भरायला.' आणि परत बसले. तुला वाटलं असेल मी तेव्हा पाण्यासाठी बाहेर गेलो. मी बाबांना बघायला गेलो होतो. डोळे पुसत होते आणि कडककाकांना सांगत होते, 'औषध घातलंय सकाळी, त्याने पाणी येतं.'

तपासनीस 'झालं' म्हणाले आणि फट पहिल्यांदा उघडी पडली, तेव्हा मी बघू शकलो नाही. तू बघितलीस. इतका वेळ तुझा हात स्थिर होता, तेव्हा तो टेबलावर टेकवलास. मी त्याबद्दल काही लिहीत नाही.

तू जिना उतरत होतीस तेव्हा बाबा व्हरांड्यात भिंतीला धरून पुढे आले. हाक मारतील असं वाटलं. मारली नाही. मग मला विचारलं, 'धागा तुटला का एखादा?' मी म्हटलं, 'एकही नाही.' म्हणाले, 'माझे की कापडाचे?' मी म्हटलं, 'दोन्ही नाहीत.' घरी येताना रस्ता ओलांडताना त्यांनी स्वतःहून माझा हात धरला. आजवर हात धरायला गेलं की झटकायचे.

निकाल तीन-चार आठवड्यांनी कळेल. तपासनीस जाताना 'सरळ आहे' एवढंच म्हणाले. फट सरळ आहे की प्रकरण, हे मी घाबरून विचारलं नाही.

तुझा भाऊ


९ एप्रिल, बुधवार
सकाळी आठ वाजून वीस मिनिटे

ती. ताई,

मंजूर झालं. शनिवारी दुपारी पत्र आलं, परवा पैसेही जमा झाले. मी ते तीनदा वाचलं, मग कडककाकांकडून वाचून घेतलं, मग बाबांना वाचून दाखवलं. 'धारदार पात्याने पाठीमागून केलेला वार' असं स्पष्ट लिहिलं आहे. पोलिसांच्या कागदालाही तशी पुरवणी जोडायला सांगितलं आहे. पुढचा व्यायाम ऑगस्टपर्यंत, त्याची बिलं कार्यालय परस्पर भरणार. कपाटाची काच आणि गिऱ्हाइकाचा स्वेटर मात्र योजनेत बसत नाहीत. बाई म्हणाल्या, वस्तूंचं नाही, माणसाचं भरून देतो आम्ही. बाबांना हे फार आवडलं. तेव्हापासून दोघांतिघांना सांगून झालं.

आणि ताई, काल व्यायामाला उजव्या अंगठ्याला थंड चमचा लावला तर गार वाटला. खूप नाही, थोडाच. पण मी डोळे मिटलेले होते आणि तरी ओळखला. व्यायामवाल्या बाईंनी पुन्हा लावला, पुन्हा ओळखला. आजचं पत्र अजून डाव्याच हाताने आहे. खालची सही बघ, ती उजव्याने केली आहे. लहान पोराची वाटेल. वाटू दे.

कोट परत आला आहे. खुंटीला लावला आहे, फट तशीच उघडी. त्याच्या खिशात तू काढलेले धागे, काळ्या कागदासकट, क्रमाने. बाबांनी कागद उघडला, एकेका धाग्यावरून बोट फिरवलं आणि परत घडी घातली. मी म्हटलं, 'बाबा, भरायला घेणार?'

'मी कसा घेणार? उसवलं कोणी?'

'ताईने.'

'मग? नियम काय आहे?'

मी म्हटलं, 'तिला कारखान्यातून सुट्टी मिळायला हवी.'

'कारखाना आहे तो, तुरुंग आहे का?' मग बराच वेळ गादीवरच्या चिंध्या सारख्या करत बसले. म्हणाले, 'डोळ्यांचं ऑपरेशन करायला किती पडतात विचार.'

दोन वर्षं मी मागे लागलो होतो. म्हटलं, 'आत्ता कसं काय मनात आलं?'

'तिने भरलेल्यात चुका काढायला दिसायला नको?'

कडककाका दारातून ओरडले, 'लिही तिला असंच! एक शब्द बदलू नको.' बदललेला नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २५ तारखेला आहे, डाव्याचं महिन्याने. पट्टी निघाली की आठवडाभराने नीट दिसेल म्हणतात. त्यानंतरचा कुठलाही रविवार चालेल. दाजींनाही आण. बाबा खोकणार नाहीत, मी विचारून घेतलं आहे. 'त्याला काय खायचंय ते आधी कळव' म्हणाले. म्हणजे तू समज.

हिशेब खाली देतो. बेरीज दोनदा केली आहे.

तुझा भाऊ

खर्च झाला
इस्पितळ, नऊ दिवस: ८,४००
औषधं: १,२६०
व्यायाम, दोन महिने: २,४००
कपाटाची काच: ६५०
गिऱ्हाइकाच्या स्वेटरची भरपाई: ३००
कडककाकांचे अठ्ठावीस शर्ट, पुन्हा धुलाई-इस्त्री: १४० (घेत नव्हते. मग घेतले. ऐकवणं बंद झालेलं नाही.)
एकूण: १३,१५०

सरकारकडून मिळाले
उपचार: १२,०६०
बुडालेली कमाई, तीन महिने: ९,६००
एकूण: २१,६६०

देणं
कडककाकांकडून उसने ५,०००. काल फेडले.
बाबांचे डोळे: ९,०००. बुडालेल्या कमाईतून बाजूला काढून ठेवले आहेत.
तुझं बसभाडं, जाऊन-येऊन: १८०. हे कार्यालय देतं, पण मूळ तिकीट लागतं. टाकलं नसशील तर सोबत घेऊन ये.

तुझ्याकडे बाकी
रफू, उजवा खांदा: एक.